मोकळी कंबर, भरलेली सॅक

जड सॅक कमरेने वाहायची असते. दहा-बारा किलोपर्यंत हे माहीत नसलं तरी निभावून जातं, कारण तेवढं वजन खांदे निमूट सोसतात. पण पंचवीस किलो पाठीवर टाकून गुंजवण्यातून राजगडाच्या चोर दरवाज्याकडे निघालं, की पहिल्याच चढावर पट्टे खांद्यात रुततात, मान पुढे जाते, आणि थोड्या वेळाने बोटांना मुंग्या येऊ लागतात. या मुंग्या नुसत्या थकव्याच्या नसतात. मानेतून हाताकडे उतरणाऱ्या नसांचा जुडगा पट्ट्याखाली दाबला जात असतो. डॉक्टर त्याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात. सैनिकांमध्ये हा त्रास इतका दिसला की लष्करी डॉक्टरांनी त्याचा मुद्दाम अभ्यास केला. सॅकला फ्रेम आणि कमरपट्टा असेल तर हा त्रास कमी होतो, असं त्यातून दिसलं. मी सॅक निवडताना बाकी सगळ्या गोष्टी या एका गोष्टीच्या मागे ठेवतो.

एवढं वजन लागतंच कशाला, असा प्रश्न हल्लीच्या हलक्या सामानाच्या दिवसांत कुणीही विचारेल. आमच्या गटात त्याचं उत्तर ‘कॉमन लोड’ असं आहे. प्रत्येकाची स्वतःची सॅक वेगळी, आणि सगळ्यांसाठी लागणारं सामान वेगळं. पन्नास मीटरचा एक रोप साडेतीन किलोच्या आसपास भरतो. अलंग-मदनसारख्या ठिकाणी कातळटप्प्यांसाठी दोन रोप, हार्नेस, कॅरॅबिनर, पट्ट्या लागतातच. त्यावर टोप, शिधा, औषधांचा डबा. पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन एखाद्या गडावरचं टाकं साफ करायला जायचं असेल, तर पहार, घमेली आणि फावडी आली. ते काम उन्हाळ्यातच होतं, कारण तेव्हाच टाक्यातला गाळ उघडा पडतो, आणि नेमकं तेव्हाच वर प्यायला पाणी नसतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात कसलीच सवलत नाही. वीस माणसं दिवसभर उन्हात गाळ उपसणार असतील तर कुणाला तरी पाणी वाहावंच लागतं. ते काम मला आवडतं, आणि ते नीट व्हावं म्हणून सॅकचा एवढा विचार.

माझ्याकडे आहे ती अमेरिकन लष्कराची जुनी मोठी ॲलिस. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने तिथल्या लष्करी सामानाच्या दुकानातून घेऊन दिली. ऑल-पर्पज लाइटवेट इंडिव्हिज्युअल कॅरिंग इक्विपमेंट या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून ॲलिस झालं. अमेरिकन लष्कराने ही सामग्री १९७३ साली स्वीकारली. त्याआधीचं त्यांचं बरंचसं सामान सुती कॅनव्हासचं होतं. व्हिएतनामच्या पावसात ते पाणी पिऊन जड व्हायचं, वाळायला वेळ घ्यायचं आणि कुजायचं. ज्याने आषाढात कॅनव्हासची जुनी सॅक वापरली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. ॲलिस नायलॉनची झाली. मोठ्या सॅकची क्षमता साधारण ६२ लिटर, भार ७० पौंड, म्हणजे ३२ किलोच्या आसपास. बाहेर तीन मोठे कप्पे, त्यांच्या वर तीन लहान. आत पाठीच्या बाजूला रेडिओ संचासाठी शिवलेला उंच खिसा. आणि मागे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, रिव्हेटांनी जोडलेली उघडी फ्रेम. या फ्रेममुळे पिशवी पाठीला चिकटत नाही, मधून वारा खेळतो. एप्रिल-मेमध्ये घामाने भिजलेल्या पाठीला याचं मोल किती असतं ते सह्याद्रीत फिरणाऱ्यालाच कळेल.

ही सॅक नुसती आणली आणि पाठीवर टाकली, तर मात्र ती त्रास देते. फ्रेमच्या तळाशी पाठीच्या खालच्या भागावर टेकणारी एक जाड पट्टी असते. तिला जोडलेला कमरपट्टा अरुंद आणि बिनगादीचा. तो खऱ्या अर्थाने कमरेवर बसतच नाही, वरच राहतो. अनेक जण इथेच वैतागून सॅक विकून टाकतात आणि म्हणतात, लष्कराने हे असलं काय बनवलं!

लष्कराने ते विचार करूनच बनवलं होतं. त्या काळच्या सैनिकाची कंबर मोकळी नव्हती. तिच्यावर आधीच एक रुंद पट्टा असायचा, आणि त्या पट्ट्याला काडतुसांचे खिसे, पाण्याच्या बाटल्या, घडीचं फावडं आणि मलमपट्टीचं पाकीट लटकलेलं असायचं. चकमक सुरू झाली की सॅक तिथेच टाकायची आणि पट्ट्यावरच्या सामानानिशी लढायचं. म्हणून खांद्याच्या पट्ट्याला झटक्यात सुटणारी कडी दिली. सॅक त्या पट्ट्याच्या वर बसली पाहिजे, म्हणून फ्रेम आखूड ठेवली. कमरेचं हाड सैनिकासाठी राखीव होतं. सॅकने तिथे हक्क सांगायचा नव्हता.

आपली कंबर मोकळी आहे. आपल्याला काडतुसं न्यायची नाहीत, धावत सॅक टाकायची नाही. तेव्हा जुन्या लष्करी सॅकमध्ये जे काही बदल करायचे, त्यांचा गाभा एवढाच की सैनिकाला जी जागा सोडावी लागली होती ती ओझ्याला परत द्यायची. बाकीचे बदल सोयीचे आहेत, हा आवश्यक आहे.

आता दुसऱ्या सॅकांबद्दल थोडं. ॲलिसनंतर अमेरिकन लष्कराने १९९०च्या दशकाच्या शेवटी मॉली पद्धत आणली. सॅकवर एक इंच रुंदीच्या पट्ट्या एकेक इंच सोडून आडव्या शिवलेल्या, दर दीड इंचावर टाका. त्या जाळीत हवे ते खिसे हवे तिथे ओवायचे. आज बाजारात ‘टॅक्टिकल’ म्हणून जे विकलं जातं त्या सगळ्यावर हीच जाळी दिसते. सुरुवातीच्या मॉलीत कमरपट्टा प्लास्टिकच्या फ्रेमला गोळा आणि खोबणीच्या सांध्याने जोडलेला होता. तो पाठीत टोचायचा, फ्रेमही तुटायची, म्हणून पुढच्या आवृत्तीत ते सगळं बदललं. बदललेल्या मॉलीचा कमरपट्टा मात्र उत्तम आहे. रुंद, जाड गादीचा, हाडाला धरून बसणारा.

ब्रिटिशांची बर्गन निराळ्या घडणीची. बाजूच्या दोन मोठ्या पिशव्या झिपने सुटतात आणि एकमेकींना जोडून छोटी सॅक होते. पाठीच्या लांबीप्रमाणे आखूड आणि लांब अशा दोन प्रकारांत ती मिळते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सॅक माणसाच्या उंचीला नव्हे, पाठीच्या लांबीला बसावी लागते. मान खाली घातल्यावर मागे जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. पावणेसहा फुटी माणसाची पाठ साडेपाच फुटी माणसापेक्षा आखूड निघू शकते. दुकानात सॅक घेताना हे माप कुणी घेत नाही, लिटर विचारतात आणि रंग विचारतात.

बर्गनचं नाव निघालं की मला १९८२च्या मे महिन्यातलं फॉकलंड बेटांवरचं ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध आठवतं. ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे जहाज बुडालं, त्याच्याबरोबर सैन्य वाहून नेणारी मोठी हेलिकॉप्टरं गेली, आणि सॅन कार्लोसला उतरलेल्या ब्रिटिश सैनिकांना बेटांची राजधानी स्टॅनलीच्या दिशेने चालतच निघावं लागलं. रॉयल मरीनच्या तुकडीने तीन दिवसांत नव्वद किलोमीटरच्या आसपास अंतर कापलं. पाठीवर सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो, आणि पायाखाली दलदल. त्या चालीचं कौतुक खूप होतं आणि ते रास्तच आहे. मला त्यात दुसरंही दिसतं. यंत्र बंद पडलं की शेवटी ओझं माणसाच्या पाठीवरच येतं, आणि त्या दिवशी त्याच्या पाठीवर काय आहे याला अर्थ येतो.

एवढं वजन वाहावं असं मात्र कुणी म्हणत नाही, लष्करही नाही. अमेरिकन लष्कराच्या पायदळ चालीविषयीच्या १९९०च्या नियमपुस्तिकेत लढतानाचा भार ४८ पौंड आणि मजल मारतानाचा ७२ पौंड अशी मर्यादा सुचवली होती, म्हणजे साधारण २२ आणि ३३ किलो. तेही कसलेल्या तरुण सैनिकांसाठी. आपण हौसेने डोंगरात जाणारी माणसं. शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत आरामात, सवयीनंतर एक तृतीयांश, आणि त्याच्या पुढे गेलं तर गुडघे हिशेब मागतात, असा माझा अनुभव. उतरताना जास्त.

माझ्या ॲलिसमध्ये पहिला बदल कमरपट्ट्याचा केला. जुनी पाठपट्टी आणि तिचा अरुंद पट्टा काढून टाकला, आणि मॉलीचा जाड कमरपट्टा फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीला पक्का केला. तो नुसता बांधून भागत नाही. सॅक पावलागणिक डावी-उजवी झुलते आणि पट्टा हाडावरून सरकतो. म्हणून फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक तिरकी पट्टी पट्ट्याच्या बाजूंना यावी लागते. ती आवळली की ओझं अंगाला धरून राहतं. खांद्याचे पट्टेही बदलले, रुंद आणि मऊ घेतले, आणि ते इतके सैल ठेवता येतील असे लांब केले की सगळी फ्रेम खाली उतरून पट्टा बरोबर हाडावर बसेल. डोक्यावर हंडे घेणाऱ्या बायका जी चुंबळ ठेवतात, तेच काम हा पट्टा करतो. वजन तेवढंच राहतं, पण ते एका बिंदूवर टोचायचं थांबून गोल पसरतं आणि सरळ हाडांवरून पायात उतरतं.

शिवणकाम पुण्याच्या रविवार पेठेत करून घेतलं. बोहरी आळीत रिव्हेट, कड्या, बकलं मिळाली, आणि जवळच बॅगा दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, दोन बोटांत चिमटीत धरून दाबून पाहिला.

“भार किती पडणार यावर?”

“पंचवीस-तीस किलो, काका.”

“चालताना? का नुसता टांगून?”

“चालताना. आणि कधी कधी दोराने वर ओढायला लागते.”

“मग नुसती चौकट नाही चालायची. चौकटीत फुली मारायला लागेल.”

त्यांनी खणातून जाड नायलॉन दोऱ्याची रिळं काढली, त्यातलं एक परत ठेवलं. शर्टाचा दोरा या कामाला नको, हे मी सांगायच्या आधीच त्यांच्या डोक्यात होतं. निवारपट्टी कापली, कापलेलं टोक लायटरच्या ज्योतीवर धरलं, वितळून तांबूस-काळी कड आली तशी ती ओल्या फडक्याने दाबली. म्हणजे पुढे धागे सुटणार नाहीत. मशीनचं मोठं चाक त्यांनी हाताने फिरवत पहिले काही टाके घातले, कारण पट्टीचे तीन थर आणि खाली जाड गादी, पायाने मशीन सोडलं असतं तर सुई मोडली असती. चौकट पुरी झाली, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात फुली, आणि शेवटी चौकटीच्या वरच्या कडेवर पुढे-मागे तीनदा टाका. “आता हा तुटायच्या आधी कापड फाटेल,” ते म्हणाले, आणि लगेच कापड उजेडात धरून त्याचा कस पाहिला. असल्या जुन्या सॅकेचं कापड अजून खणखणीत आहे हे पाहून त्यांना बरं वाटल्याचं दिसलं. मलाही वाटलं. फ्रेम, पिशवी, पट्टे, कमरपट्टा हे सगळे वेगवेगळे भाग आहेत, एक झिजला तर तेवढाच बदलता येतो, आणि बदलणारा माणूस पेठेत बसलेला आहे, यासाठी मी ही सॅक पिढीभर टिकवायचं म्हणतो. आजच्या महागड्या सॅका हलक्या आहेत हे खरं, ही रिकामीच तीन किलोच्या घरात जाते. पण त्यांच्यातला पट्टा पाठीच्या पॅनेलात शिवून टाकलेला असतो, आणि तो उसवला तर काकांनाही नीट हात घालता येत नाही.

मग छोट्या गोष्टी. फ्रेमच्या नळ्या जिथे एकमेकींवर घासून कुरकुरतात तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. पहाटे जंगलातून चालताना प्रत्येक पावलाला कुर्रर ऐकणं सहन होत नाही. फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीला रुंद पट्टीचा एक फास कायमचा बांधला, पट्टीची टोकं जोडणाऱ्या ‘वॉटर नॉट’ गाठीने. अलंगच्या कातळटप्प्यावर सॅका दोराने वर ओढाव्या लागतात, आणि ते ओझं पिशवीच्या शिवणीने नाही, फ्रेमने घेतलं पाहिजे. प्रत्येक मोहिमेनंतर रिव्हेट अंगठ्याने हलवून पाहायचे. ज्याच्याभोवती काळी पूड दिसेल तो सैल होतोय असं समजायचं.

बाजूच्या मोठ्या कप्प्यांच्या मागे एक पोकळ वाट ठेवलेली आहे. बर्फात जाणाऱ्या सैनिकांच्या स्की त्यातून जाव्यात म्हणून. आमची पहार त्यात अगदी बरोबर बसते. मात्र ती वाट खालून उघडी आहे, त्यामुळे पहार खाली निसटेल. तिच्या टोकाला टेकू म्हणून फ्रेमच्या तळाशी जुन्या टायरच्या रबराची एक वाटी शिवून घेतली. पहार अंगालगत उभी राहते, झुलत नाही, मागच्या माणसाच्या डोळ्याशी येत नाही.

जे केलं नाही तेही सांगतो, कारण इथे लोकांचा उत्साह फार असतो. बाहेरून एकही जादा खिसा लावला नाही. मॉलीची जाळी दिसली की तिच्यात काहीतरी अडकवायचा मोह होतो. बाटलीचा खिसा, मोबाईलचा खिसा, चाकूचा खिसा. कारवीच्या रानातून जाताना यातलं प्रत्येक काहीतरी फांदीला अडकतं. घसाऱ्यावर, जिथे तोल सगळा पायाच्या बोटांवर असतो, तिथे एक हिसका पुरतो. शिवाय बाहेर लटकलेलं वजन पाठीपासून लांब जातं आणि सॅक मागे खेचते. मोकळी पाठ हाच सॅकेचा दागिना.

आणि लष्करी नक्षी नको. माझी सॅक साध्या ऑलिव्ह हिरव्या रंगाची आहे, उन्हाने आता पिवळट पडलेली. आपल्या लष्कराने २०२२ साली नवा लढाऊ गणवेश आणला आणि त्याच्या नक्षीचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवून घेतला. ती नक्षी ज्यांनी कमावली त्यांच्याच अंगावर राहावी. बाजारात तिच्या जवळ जाणारी कापडं मिळतात म्हणून हौसेखातर ती पाठीवर मिरवणं मला पटत नाही. उपयुक्ततेचं म्हणाल तर डोंगरात आपण दिसलेलं बरं असतं. मी झाकणावर केशरी कापडाचा एक चौकोन शिवून घेतला आहे, धुक्यात मागच्याला पुढचा दिसतो.

भरण्याची रीत चढाप्रमाणे बदलते. मळलेल्या वाटेने जायचं तर सगळ्यात जड वस्तू पाठीच्या कण्याला लागून, खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीवर. त्या रेडिओच्या खिशात पाच लिटरचा कॅन उभा राहतो, आणि ज्यांनी ती जागा ठरवली त्यांना वजन कुठे हवं हे चांगलं कळत होतं. नळीतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, मोठमोठ्या धोंड्यांवरून, वाकून, हात लावत जायचं असेल तर मात्र जड सामान एक वीत खाली घ्यायचं, नाहीतर वाकल्याबरोबर सॅक डोक्यावरून पुढे येते. पिशवी अर्धीच भरली असेल तर आतल्या दोऱ्यांनी ती आखूड करायची सोय ॲलिसमध्ये आहे. ती जरूर वापरावी, नाहीतर सामान तळाशी गोळा होतं. पावसाळ्यात आत जाड प्लास्टिकची पिशवी. जुन्या नायलॉनच्या आतला लेप सोलपटून निघतो, त्यावर भरवसा ठेवू नये.

उचलताना वाकून एका पट्ट्याला झटका देऊ नये. सॅक आधी दगडावर किंवा गुडघ्यावर घ्यावी, एक हात घालावा, वळावं, दुसरा हात घालावा. मग थोडं पुढे वाकून सॅक वर ढकलायची, कमरपट्टा हाडावर आवळायचा, आणि त्यानंतरच खांद्याचे पट्टे, तेही खांद्याला नुसते टेकतील इतके. पट्टा आणि खांदा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. ही जागा दर अर्ध्या तासाने तपासावी, कारण चालता चालता कमरपट्टा सैल होतो आणि वजन गुपचूप खांद्यांवर येऊन बसतं.

आणि कॉमन लोड एकाच माणसाने गडावर न्यायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. साधारण तासाने पाठ बदलते. म्हणून बदल करताना एक गोष्ट मी हट्टाने धरली होती: कमरपट्टा अठ्ठावीस इंचापासून चाळीस इंचापर्यंत बसला पाहिजे, खांद्याचे पट्टे ओढून एका मिनिटात लहान-मोठे झाले पाहिजेत. गटातल्या सगळ्यात सडपातळ मुलीला आणि सगळ्यात रुंद दादाला तीच सॅक तितकीच नीट बसली पाहिजे. पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याने खुणा घालून घेतल्या आहेत, ज्याची त्याला आपली खूण माहीत आहे. परवाच्या टाक्याच्या कामाला दोन नवी मुलं येणार आहेत, त्यांच्या पाठी मोजून खुणा शनिवारी घालायच्या आहेत.